इंग्रजीतला ‘काल’
(मंडळाच्या इंग्रजी वर्गात दिलेले भाषण)

इंग्रजीचा भूतकाळ म्हटला की ‘गो, वेन्ट, गॉन’ची घोकंपट्टी आठवते. ती करावीच लागते, इलाज नाही. पुष्कळशा क्रियापदांचे मात्र नुसत्या ‘ईडी’वर भागते. ‘डिड’ आले की क्रियापद मूळ रूपात ठेवावे : ‘डिड नॉट गो’. भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचललेला असतो, एका कामाला दोघी कशाला?

खरी अडचण निराळीच आहे. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे आपल्या मराठीत खपते. इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ला जागा नाही, ‘आय सेन्ट इट यस्टर्डे’ एवढेच म्हणावे.

परप्रांती डॉक्टरांपुढे तर फारच जपावे. ‘बाळाला सोमवारपासून ताप आहे’ याला ‘ही हॅज हॅड फीवर सिन्स मंडे’ म्हणतात. नुसते ‘ही हॅड फीवर ऑन मंडे’ म्हटलेत, तर ताप सोमवारी येऊन गेला असे ते समजायचे, आणि मूल इकडे मांडीवर फणफणलेले! ताप अजून अंगात आहे, हे तो एवढासा ‘हॅज’ सांगतो. वार सांगायचा असेल तर ‘सिन्स’, आणि ‘तीन दिवस झाले’ म्हणायचे असेल तर ‘फॉर थ्री डेज’.