लाओसच्या सामणेरांची शिकवणी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत रिंग खात्यात धागे सांधणारे. सातवीनंतर शाळा सुटली. इंग्रजी आले ते रात्रशाळेत आणि रद्दीतल्या पेपरांतून. असा माणूस परदेशात इंग्रजी शिकवायला चालला म्हटल्यावर चाळ हसली. हसू द्या. 2019 साली भिशीचे पैसे उचलून आम्ही तीन आठवडे लाओसमधील लुआंग प्रबांगला गेलो.

मेकाँग आणि नाम खान नद्यांच्या संगमावरचे हे गाव. 1995 साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. विहार जागोजाग. खेड्यातल्या गरिबांची मुले सामणेर होऊन इथे येतात, कारण राहणे, जेवण आणि शाळा मिळते. बिग ब्रदर माऊस नावाची, मुलांची पुस्तके काढणारी एक संस्था आहे. तिथे परदेशी पाहुणे बसतात आणि मुले त्यांच्याशी इंग्रजी बोलून सराव करतात. सर्टिफिकेट कोणी मागत नाही. आमच्यासारख्याला हेच बरे.

पहिल्याच संध्याकाळी फजिती. समोर तीन सामणेर. आम्ही पुस्तकातला प्रश्न टाकला, 'काल रात्री काय जेवलात?' एकाने मान खाली घातली. दुसरा हसून म्हणाला, 'टीचर, नो डिनर.' दुपारनंतर सामणेर जेवत नाहीत! हे आम्हाला ठाऊक नव्हते काय? पौर्णिमेला अष्टशील आम्हीही घेतो. पण हातात इंग्रजीचे पुस्तक आले की आपण साहेब होतो, आणि साहेबाच्या घरचे जेवण तेच जगाचे जेवण वाटते.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत ठेवले. 'सकाळी पात्रात काय पडले?' असे विचारले, मग पोरे थांबेनात. 'राईस'ला 'लाई' म्हणत. आम्ही 'इस्टेशन' म्हणणारे, आम्ही कोणाला हसणार?

पहाटे भिक्षा पाहिली. अनवाणी रांग, बाया गुडघ्यांवर बसून चिकट भाताचा एकेक घास पात्रात टाकतात. त्यातलाच भात सामणेर रस्त्याकडेच्या गरीब पोरांच्या टोपलीत घालतात. आणि पाहुणे तोंडावर कॅमेरा धरतात. लांब उभे राहा अशा पाट्या आहेत, पण वाचतो कोण? आम्हाला शरम वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी घरमालकीण आजींनी 'बासी' ठेवला. बासी म्हणजे शिळे नव्हे! प्रवासाला निघालेल्याच्या मनगटाला पांढरे सूत बांधून चार शब्द बोलायचे. आता आली पंचाईत. 22 प्रतिज्ञा घेतलेली माणसे आम्ही, चाळीतले गंडेदोरे काढण्यात उमर गेली. हात पुढे करावा की नाही? आजी सूत धरून बसलेल्या. आम्ही हात दिला.

सूत कपाशीचे होते, पीळ हलका. तीन दिवस ठेवायचे असते. आम्ही मुंबईत आठवडाभर ठेवले, विहारात येताना मात्र बाही खाली ओढून. आज तुम्हाला सांगितले.

जयभीम.