जर-तरचा इतिहास



इतिहासात जर-तरला जागा नाही, असं आपण वर्गात नेहमी सांगतो. पण हाच जर-तर जाणत्या लेखकाच्या हाती पडला, म्हणजे इतिहास उमगायला त्याची कशी मदत होते, ते आज पाहू.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा लिहिली. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. ते पुण्याहून निघतात आणि अशा मुंबईत उतरतात, की जिथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू आहे! मग पंत ग्रंथालय गाठतात. पुस्तकं धुंडाळताना इतिहासाची वाट कुठं फुटली, ते त्यांना सापडतं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले, हे आपण जाणतोच. त्या दुसऱ्या इतिहासात गोळी कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात, कंपनीची सत्ता फोफावत नाही.

लेखकानं बदलली ती एक गोळी. बाकी सारं त्या एका बदलातून पायरीपायरीनं काढलं. म्हणूनच ते पटतं.

परदेशातलंही उदाहरण आहे. अमेरिकन कादंबरीकार आर्केडी मार्टिन या बायझंटाइन इतिहासाच्या विदुषी. त्यांच्या २०१९ सालच्या कादंबरीत अंतराळातलं एक बलाढ्य साम्राज्य आहे आणि एका चिमुकल्या वसाहतीची वकील त्याच्या दरबारी येते. अकराव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यानं आर्मेनियातलं आनीचं राज्य गिळलं, त्या अभ्यासाचं हे फळ. दरबाराची भाषा आणि काव्य यांचा मोहही लहानांना गिळतो, हे त्यात दिसतं.

शिक्षकबंधुभगिनींनो, आता आपल्या वसईकडे या. मुलांना किल्ल्यात न्या आणि विचारा : मे १७३९ मध्ये सुरुंगांनी सान सबस्टियन बुरुजाला खिंडार पडलं नसतं तर? जूनचा पाऊस तोंडावर होता. चिमाजीअप्पांचा वेढा टिकला असता का? दुसरा प्रश्न : ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इथंच इंग्रजांशी तह केला. तो केला नसता तर? उत्तर द्यायचं तर मुलाला तोफा, दाणागोटा, पाऊस, होळकरांनी पुण्याजवळ मिळवलेला विजय, सारंच पाहावं लागेल. सनावळी आपोआप पाठ होईल.

मात्र एक पथ्य सांभाळा. फळ्यावर मधोमध रेघ मारा. डावीकडे घडलेलं, उजवीकडे कल्पिलेलं. ही रेघ पुसली, की मनाजोगती गोष्टच इतिहास म्हणून मिरवू लागते आणि तिच्यापायी शेजारी शेजाऱ्याशी भांडतो. वसईत तर मराठ्यांचा विजय सांगणारी आणि पोर्तुगीज आडनावाची मराठी बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. दोघांनाही घडलेलं आधी नीट कळू द्या. मग कल्पनेला खुशाल मोकळं सोडा.