सूर्याचं खळं आणि आपली पेरणी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मृगाच्या तोंडावर सूर्याभोवती गोल कडं दिसलं की पारावर बोलणं सुरू होतं, "खळं पडलं, आता पाऊस आला! कपाशी टोबून घ्या." बियाण्याची पिशवी फोडण्याआधी हे खळं काय आहे ते आपण समजून घेऊ.

ज्वारी मळायच्या खळ्यासारखं ते गोल असतं. जमिनीपासून सहा-सात किलोमीटरच्या वर पांढऱ्या ढगाचा पातळ पडदा पसरतो. त्यात बर्फाचे सहा बाजूंचे बारीक स्फटिक असतात. सूर्याचा किरण एका बाजूनं शिरतो, दुसऱ्या बाजूनं निघतो आणि सुमारे २२ अंशांनी वळतो. हात लांब करा, अंगठ्यानं सूर्य झाका, वीत ताणा. करंगळी खळ्याच्या जवळपास पोचते. लाल रंग कमी वळतो, म्हणून आतली कड तांबूस दिसते. २४ मे २०२१ रोजी बेंगळुरूच्या लोकांनी भरदिवसा असंच खळं पाहिलं.

इंद्रधनुष्याचं तसं नाही. ते पाण्याच्या थेंबांत होतं. सूर्य आपल्या पाठीशी लागतो आणि पाऊस समोर. किरण थेंबात शिरतो, मागच्या भिंतीवर आपटून परततो, तेव्हा रंग वेगळे होतात. म्हणून ते सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला दिसतं. ते दिसलं म्हणजे त्या बाजूला थेंब खरोखर पडताहेत.

मग जुनी माणसं खोटं बोलत होती का? नाही. दूरवरच्या वादळी ढगांचा माथा वाऱ्यानं पसरत आपल्यापर्यंत येतो आणि त्यातही खळं पडतं. म्हणजे वर ओल आहे, एवढं खरं. पण तो ढग आपल्या शिवाराकडे वळेल की नाही, हे खळं सांगत नाही. त्या पातळ ढगातून आपल्या वावरात थेंबही पडत नाही.

आपण कोरडवाहूवाले. बी करपलं तर दुबार पेरणी, पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. वावरात वीतभर उकरून मूठभर माती दाबून बघा, ओल खाली गेली की पेरा.

खळं पोराबाळांना जरूर दाखवा. तिफण मात्र जमिनीला विचारूनच काढा.