उसाच्या पाचटाने अडवलं तेल

आज आपण मॉरिशस बेटावर फेरफटका मारू या. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हे बेट आहे. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून लाखो मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये आपली मराठी माणसंही होती. आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

आधी डोंगर चढू. बेटाच्या नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथलं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साधारण निम्मं. वर पाऊस भरपूर. झाडांवर शेवाळ आणि नेचे दिसतात. काळ्या लाकडाचा आबनूसही इथलाच. पण १७व्या शतकात डच लोकांनी आबनूस तोडून नेला. पुढे उसाच्या लागवडीसाठी रानंच्या रानं साफ झाली. आता चांगलं मूळ जंगल बेटाच्या २ टक्क्यांहूनही कमी उरलंय.

उरलेल्या रानात बाहेरून आणलेला चिनी पेरू माजलाय. फळ लहान, लालचुटुक. लोक तिखट-मीठ लावून आवडीने खातात. पण त्याच्या गच्च झाडीखाली देशी रोपांना ऊनच मिळत नाही. म्हणून जंगलाच्या काही तुकड्यांना कुंपण घालून ही झाडी माणसं हाताने काढतात. आपल्या खुरपणीसारखंच काम, एकदा करून भागत नाही.

आता खाली किनाऱ्यावर येऊ. पांढरी वाळू, उथळ निळं पाणी. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची नैसर्गिक भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी शांत राहतं आणि तिथे मासे वाढतात. डोंगर उघडा पडला, की ओढ्यांतून वाहून आलेली माती याच प्रवाळावर बसते आणि ते गुदमरतं. डोंगर आणि दर्या असे एकमेकांना बांधलेले आहेत.

२५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मोठं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ याच प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडलं. मासेमारीवर जगणाऱ्या घरांचा तर घासच काळा झाला.

तेव्हा लोक मोठ्या यंत्रांची वाट बघत बसले नाहीत. बाया, गडी, तरुण पोरं एकत्र आली. कापडाच्या आणि जाळीच्या लांबच लांब नळ्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट ठासून भरलं. त्या तरंगाव्यात म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या. केस तेल धरून ठेवतात, म्हणून अनेकांनी आपले केस कापून दिले. असे बांध पाण्यात सोडले. सगळं तेल काही अडलं नाही, खारफुटीची मुळं काळी पडलीच. पण पुष्कळ तेल किनाऱ्याला लागण्याआधी धरलं गेलं.

ज्या उसापायी जंगल गेलं, त्याच उसाच्या पाचटाने किनाऱ्याला हात दिला. शिवणं, भरणं, गाठ मारणं ही आपल्याला रोजची कामं. संकटात तीच उपयोगी पडली, कारण हात एकत्र आले.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोलू या: आपल्या डोंगरावर कोणतं झुडूप माजलंय, आणि तिथली माती पावसात कुठे जाते?