मेंदूच्या घडणीतील वैगुण्ये व त्यांची वर्गवारी

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मागे आपल्याच ज्ञातीतील एक सूनबाई आठ महिन्यांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आल्या. मुलास वरचेवर आकडी येई; मानही धरलेली नव्हती. घरच्या मंडळींनी कारण केव्हाच ठरवून टाकले होते: ग्रहणात हिने विळी हाती धरली! एम. आर. आय.च्या चित्रात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत दिसला.

मेंदूचे बाह्यक म्हणजे त्यावरील करडा थर. त्याची जाडी अवघी २ ते ४ मिलिमीटर. पण त्यात मज्जापेशींचे ६ थर असतात. नवल हे की, या पेशी तेथे जन्मत नाहीत. त्या गाभ्यातील पोकळ्यांच्या कडेस जन्मतात आणि वेलीवरून मुंगी चढावी तशा आधारपेशींच्या लांब तंतूंना धरून वर जातात. मागाहून निघालेल्या पेशी पुढच्यांना ओलांडून अधिक वरच्या थरात बसतात. २० आठवड्यांच्या गर्भाचा मेंदू बहुतांशी गुळगुळीतच असतो. वळ्या पडतात त्या पुढे.

हाच क्रम धरून १९९६ साली बार्कोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वैगुण्यांची वर्गवारी केली. पेशींची उत्पत्ती बिघडली तर मेंदू लहान राहतो किंवा त्याची एक बाजू अवाजवी वाढते. प्रवास अडला तर मेंदू गुळगुळीत राहतो, अथवा पोकळीच्या काठी पेशींच्या गाठी राहून जातात. अखेरची मांडणी चुकली तर बारीक बारीक असंख्य वळ्या पडतात. २००१, २००५ व २०१२ मध्ये या वर्गवारीत फेरफार झाले. कारण एकच जनुक दोन-तीन टप्प्यांत काम करते असे आढळले. आम्हांस यात शास्त्राचा कमीपणा वाटत नाही.

नावे ठेवण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. वैगुण्य बाह्यकाच्या लहानशा भागापुरते असेल आणि औषधांनी आकडी आटोक्यात येत नसेल, तर काही रोग्यांत तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. काही वैगुण्ये गर्भावस्थेतील विषाणुसंसर्गाने होतात. तेथे जनुके शोधून उपयोग नाही. लहान डोक्याचे काही प्रकार आईबाप दोघांकडून दोष आला तरच उद्भवतात, आणि अशा जोडप्यास प्रत्येक खेपेस ४ त १ एवढा धोका राहतो. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथे असा योग अधिक जुळतो. ज्ञातीच्या व्यासपीठावर हे बोलणे अप्रिय आहे. परंतु ते अन्यत्र कोण बोलणार?

त्या सूनबाईंच्या मुलात मात्र १७व्या गुणसूत्रावरील एल. आय. एस. १ या जनुकात बदल निघाला. १९९३ साली सापडलेल्या या जनुकातील बदल बहुधा नव्यानेच घडलेला असतो. येथेही तो आईत नव्हता, बापातही नव्हता. पुढच्या खेपेस धोका अल्प, पण अगदीच नाही असे नव्हे. म्हणून गर्भाची तपासणी करून घ्यावी, असे आम्ही सांगितले. मुलगा बरा होणार नाही, हेही सांगावे लागले.

सासूबाईंनी विचारले, “मग विळीचे काय?” आम्ही म्हणालो, “विळीचा काही संबंध नाही.” त्या बराच वेळ बसून राहिल्या, मग उठून त्यांनी सुनेच्या मांडीवरील मूल आपल्याकडे घेतले.