चारशें पानांची याद

श्रोतेहो, लग्नाच्या स्वागतसमारंभास आप्तेष्टांनीं यावें, वधुवरांस आशीर्वाद द्यावा आणि संतोषानें जेवून जावें, एवढाच काय तो यजमानाचा हेतु असतो. परंतु तो तडीस नेण्याकरितां आचाऱ्यापुढें यादी घेऊन बसावें लागतें, आणि तेथें भल्याभल्यांची मति गुंग होते. सवाई माधवरावांच्या १७८३ सालच्या लग्नासाठीं नाना फडणविसांनीं व्यवस्थेची बारीकसारीक याद केली होती, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. नानांच्या पाठीशीं पेशव्यांचें दफ्तर होतें. माझ्या हातीं होती ती धाकट्या बहिणीनें लिहून आणलेली एकवीस पदार्थांची यादी.

लग्न माझ्या भाचीचें. तिचे वडील चार वर्षांपूर्वीं गेले. "बाप नाहीं म्हणून हात आखडला, असें कोणी म्हणतां कामा नये, दादा," हें बहिणीचें पालुपद. यादींत दोन पंजाबी भाज्या, चिनी नूडल्स, पाणीपुरी, पावभाजी, तीन गोड पदार्थ आणि शिवाय आइस्क्रीम. पाहुणे चारशें. धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठीं बँकेंत ठेवलेली ठेव मोडावयासही ती तयार झाली होती. मीं एकदां विरोध करून पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलें, मी गप्प बसलों.

आमचे आचारी गुलटेकडीस, मार्केट यार्डाजवळ राहतात. त्यांचे वडील तेथेंच पोतीं वाहत असत. यादी वाचून त्यांनीं ताटाचा दर सांगितलाच नाहीं. "गुरुजी, कागदावर सगळेच पदार्थ हलके असतात. चला, पोत्यांत पाहूं," असें म्हणून त्यांनीं आम्हां दोघांस भुसार बाजारांत नेलें.

गूळ, हळद, मिरची आणि ज्यूट यांचा तो मिसळलेला वास ज्यानें घेतला असेल त्यास वर्णन नको. एका गाळ्याशीं उभे राहून अण्णांनीं बहिणीस विचारलें, "ताई, भाज्या सहा. चारशें माणसांना प्रत्येक भाजी किती करावी?" तिनें हिशेब केला, सहांचा एक एक वांटा. अण्णा हंसले. गोम येथेंच आहे, श्रोतेहो. पदार्थ वाढले म्हणून प्रत्येकाचें माप त्या प्रमाणांत उतरत नाहीं. कोणता पदार्थ अधिक उठेल हें आधीं सांगतां येत नाहीं. आणि एकही संपला तर यजमानाची मान खालीं. म्हणून प्रत्येक पदार्थ निदान निम्म्या माणसांना पुरेल इतका करावाच लागतो. सहा भाज्या म्हणजे तीन लग्नांची भाजी. "माणूस तेवढाच खातो, ताई. घेतो मात्र जास्त," अण्णा म्हणाले.

पंगतीच्या काळीं हा प्रश्न इतका बिकट नव्हता. माप वाढप्याच्या हातांत होतें, आणि पहिली पंगत उठली कीं दुसरीला भात किती टाकावा हें आचारी ओळखी. आतां उभ्यानें जेवतांना पाहुणा पुन्हां रांगेंत उभें राहावें लागेल या धास्तीनें एकदांच शीग लावून घेतो. त्यावर अण्णांचे उपाय दोन. जिलेबी आणि मसालेभात यांपाशीं वाढपी उभा करावा. लहान वाढावें, पण पुन्हां हंसून विचारावें. आणि भात एकदम न शिजवितां तीन हप्त्यांनीं टाकावा. भाताला अर्धा पाऊण तास पुरतो. शेवटचा हप्ता दारांतली गर्दी पाहून ठरवावा. कोरडा तांदूळ घरीं परत जातो, शिजलेला जात नाहीं.

मार्केट यार्डाच्या परिसरांत हमाल पंचायतीचें 'कष्टाची भाकर' आहे. अंगमेहनतीच्या माणसास स्वस्तांत पोटभर अन्न मिळावें म्हणून १९७४ सालीं निघालेला हा उपक्रम. तेथें झुणका-भाकर घेऊन आम्ही बसलों. शेजारीं एक हमाल जेवत होता. त्यानें भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानें थाळी पुसून घेतली. बहिणीनें तें पाहिलें कीं नाहीं, मला सांगतां येणार नाहीं. तिनें माझ्याजवळचें पेन मागून घेतलें आणि आपणच यादीवर रेघा ओढूं लागली.

राहिलें तें असें: मसालेभात, वरणभात, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, चटणी, पापड, जिलेबी आणि मठ्ठा. मसालेभाताला तांदूळ पंचवीस किलो, बटाटे पस्तीस, जिलेबी चाळीस. "आणि अळवाची भाजी," बहीण म्हणाली. अण्णांनीं मान हलविली. देठ सोलावयाचे, हात खाजतात, बायका चार अधिक लावाव्या लागतात, आणि उन्हाळ्यांत अळूं महाग. तिनें ऐकून घेतलें. "ह्यांना फार आवडे," एवढेंच म्हणाली. अण्णांनीं पुढें घासाघीस केली नाहीं. चणाडाळ, दाणे आणि आंबट चुका त्यांनीं स्वतःच लिहिला.

पालेभाजीचा भाव तेथें शेकडा जुड्यांवर होतो, आणि आम्हांस जुड्या लागत होत्या बरोबर शंभर. शनिवारीं भाजीबाजार बंद; रविवारीं आवक मोठी. समारंभ रविवारीं संध्याकाळीं होता, तेव्हां उजाडण्यापूर्वींच आम्ही गेलों. बहिणीनें दोन ढीग नापसंत केले, तिसऱ्यांतल्या जुड्या एक एक उलटून पाहिल्या. आडत्याचा माणूस वैतागला, पण लग्नाचें म्हटल्यावर थांबला.

भाताचा तिसरा हप्ता अर्धाच टाकावा लागला. चार किलो तांदूळ घरीं आला. ठेव मोडली नाहीं. अळवाचें पातेलें नऊ वाजतांच रिकामें झालें. मठ्ठा मात्र थोडा कमी पडला, आणि ही गोष्ट वरपक्षाकडील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं मला जातांना दोनदां सांगितली.