स्मृती, लोह आणि अनेकांत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



णमोकार मंत्र ओठांवर आहे, परंतु समोर बसलेल्या मुलाचे नाव आठवत नाही, असे वृद्ध आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. या स्मृतिभ्रंशाचा शोध घेताना विज्ञानाचे लक्ष मेंदूतील लोहाकडे गेले आहे.

लोह हा मेंदूचा शत्रू नव्हे. प्राणवायूच्या वापरासाठी आणि चेतातंतूंच्या आवरणासाठी ते आवश्यकच आहे. फेरिटिन नावाचे प्रथिन ते सुरक्षित साठवून ठेवते. मात्र साठ्याबाहेरचे मोकळे लोह पेशींना इजा करू शकते. १९५८ साली हॅलग्रेन व सोरँडर या स्वीडिश संशोधकांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंतील लोह मोजले आणि वयाबरोबर ते कसे वाढते हे दाखविले. जिवंत माणसाच्या मेंदूत मात्र तेव्हा डोकावता येत नव्हते.

एमआरआयने ही अडचण दूर केली. यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून संकेत मिळतो. जेथे लोह अधिक, तेथे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कळीत होते व संकेत लवकर विरतो. या फरकावरून संगणक लोहाचा अंदाज देणारा नकाशा तयार करतो. अल्झायमरच्या रुग्णांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात लोह अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

मग लोह काढून टाकले तर? थॅलेसेमियात वापरले जाणारे डेफेरिप्रोन हे औषध अल्झायमरच्या रुग्णांना वर्षभर देऊन पाहण्यात आले. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एमआरआयवर हिप्पोकॅम्पसमधील लोह घटलेले दिसले. परंतु रुग्णांची बौद्धिक घसरण मंदावण्याऐवजी अधिक वेगाने झाली! नकाशा सुधारला, माणूस सुधारला नाही. वस्तूचा एकच पैलू म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, ही अनेकांताची शिकवण येथे प्रयोगशाळेनेच दिली.

म्हणून नम्र विनंती अशी की, या चर्चेने घाबरून कोणीही वैद्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. लोहमापनाची ही पद्धत आज मुख्यतः संशोधनाचे साधन आहे. केवळ तिच्या आधारे निदान होत नाही. उलट, एका साध्या तपासणीकडे आपण दुर्लक्ष करतो. शाकाहारी समाजात जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. तिच्यामुळे, तसेच थायरॉईडच्या विकारामुळे व नैराश्यामुळेही विस्मरण होते, आणि त्यावर उपचार आहेत. घरातील आजी-आजोबा विसरू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. वेळीच डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या.

आणि स्मृती परतली नाही, तरी त्यांचा हात सोडू नका. ते आपल्याला विसरले, तरी आपण त्यांना विसरता कामा नये. ही सेवा हेही वैयावृत्त्यच आहे.

जय जिनेंद्र!